चिन्याचं सुतक

माझं म्हायेर सुप्याच्या अंगाला, कोरडवाहू मुलूख, पान्याच्या घागरीसाठी लांब लांब हिंडायचं, आन सासर हितं लासुर्ण्याच्या शिवारात पाटाच्या पान्याखाली. लगीन ठरलं तवा आय म्हनली, पोरीनं नशीब काढलं, आता हिच्या डोक्यावरची घागर उतरली. घागर उतरली आन पाटी चढली. वांग्याची पाटी, मेथीची पाटी, झेंडूची पाटी, कवा निमगावचा बाजार, कवा बारामतीचा, उनातान्हात तंगडतोड, आन अजून चाललंच हाय. काय सांगू तुमाला, बाईच्या डोक्याला इसावा न्हाय, पानी आसलं काय आन नसलं काय.

आता तुमी मास्तर, शाळंत शिकवनारं, आन मला इचारताय चीनच्या लोकांनी आपला राजा का घालीवला. तुमच्या बुकात आसंल की समदं लिवलेलं. तरी माझ्या तोंडचं पायजे म्हनता तर लिवा, पन मी सांगीन तशी सांगीन, मधी थांबवायचं न्हाय, थांबिवलं की माझा दोरा तुटतो. मला अक्षर येत न्हाय, चीन कुठं हाय ठावं न्हाय. मला जे ठावं हाय त्ये वांगरावाच्या तोंडचं, आन वांगराव म्हंजी चीनचा मानूस, दर पावसाळ्याला आमच्या गोठ्याच्या पडवीत ऱ्हायचा.

त्यो फुलंवाला. कागदाची फुलं करून इकायचा, रंगीत झिरझिरीत कागद, काडी, तार, आन असली देखनी फुलं की माशी बसावी. बारामतीच्या बाजारात यकदा माझ्या शेजारीच बसला. मी झेंडू घिऊन बसलेली आन बायका माझ्याकडं बघून त्येच्याकडं जायाच्या, म्हनायच्या ही सुकत न्हायती बया. मला असला राग आला, मी त्येला त्येच्या खापरपंजापस्तोर शिव्या दिल्या. त्येला काय कळंना, त्यो आपला हासायचा, आन मंग उठून त्येनं यक तांबडं फूल माझ्या पाटीवर ठिवलं, पैसं न घेता. आमचं मालक, म्हंजी ज्येंला गाव तात्या म्हनतं, त्ये बैलगाडीपशी हुभं राहून पोट धरून हासत व्हतं. त्येवढ्यात आभाळ भरून आलं, आन कागदाच्या धंद्याला पाऊस म्हंजी मरान, ह्यो गडी पेटी पोटाशी धरून इकडं तिकडं पळाया लागला. मालक म्हनलं, चल रं, बस गाडीत. मी म्हनले, आवं ह्यो काय खातो, काय पितो, कोनाचा कोन. मालक म्हनलं, भाकरी खात आसंल, तोंड तर मानसाचंच हाय.

नाव इचारलं तर म्हनला वांग. मालक म्हनलं, घ्या, मळ्यात वांगी थोडी व्हती म्हनून ह्ये घरात आलं. तवापास्नं त्यो वांगराव झाला. पाऊस सरला की पेटी उचलायचा, इंदापूर, टेंभुर्णी, पार सोलापूरपस्तोर हिंडायचा, आन आभाळ काळं झालं की पुन्यांदा आमच्या दारात. कच्चा कांदा मात्र लई खायाचा, कनकीच्या लांब दोऱ्या करून शिजवायचा, मालक म्हनायचं, ह्या तर शेवयाच हायत, गूळ घाल की.

आमाला ल्योक न्हाय. दोन लेकी, दोगी नांदत्यात, सुखी हायत. पन मालकाच्या मनात त्ये व्हतं, आपन गेल्यावर आपलं कोन करनार. तोंडानं बोलायचं न्हायत, चेष्टा करायचं, म्हनायचं माझ्या दहाव्याला वांगी बसवा वळीनं. वांगरावावर त्येंचा जीव बसला त्यो ह्यामुळंच, आसं मला वाटतं. त्यो ल्योक न्हवं, पन घरात गडीमानसाचा आवाज व्हता.

मालक मेथीच्या जुड्या बांधायचं, त्यो पाकळ्या मुडपायचा, आन मालक इचारायचं, का रं वांगराव, तुमी राजा का घालीवला? मालकाला राजा लई पिरतीचा, राजा घालवायचा म्हंजी देव्हारा इकायचा आसं त्येंला वाटायचं. वांगराव आपलं आरधं हिंदुस्थानी, आरधं आमचं, आसं बोलायचा. म्हनायचा, राजा आमचा न्हवताच. वरच्या अंगाला मोठा तट हाय, त्या तटापल्याडचं घोडंवालं लोक, त्येंनी कैक पिढ्यांमागं आमचं तख्त घेतलं. आन पैला हुकूम काय काढला, तर म्होरनं डोकं तासा आन मागं येनी सोडा, आमच्यावानी. येनी न्हाय तर मान न्हाय. मालक म्हनलं, आरं पन केसाचं येवढं काय? त्यो म्हनला, केसाचंच समदं हाय, तात्या.

मंग गोऱ्यांनी जहाजं भरून अफू आनली. वांगरावाचा आजा दिसभर आडवा पडून वढायचा, आदी रान वढलं, मंग रेडा वढला, मंग घराचं दार काढून इकलं. राजानं अफू बंद करा म्हनलं तर गोऱ्यांनी बंदरावर तोफा लावल्या. मालकानं इचारलं, ही अफू यायची कुठनं? त्यो म्हनला, तुमच्याकडनंच, माळव्यातनं, मुंबईच्या बंदरातनं. मालक लगीच मला म्हनलं, त्येला यक भाकर जास्तीची वाढ. जशी काय अफू ह्येंनीच पेरली व्हती.

राजा लढाई हारला की गोरं दंड बसवायचं, आन दंड काय राजाच्या कनगीतनं जायाचा न्हाय, रयतंच्या मिठावर, रयतंच्या रानावर. मिठाचं म्हनल्यावर मालकाला लगीच पटलं, आपल्याकडं बी तेच की. आन मामलेदारी इकत मिळायची म्हनं, ज्यानं इकत घेतली त्यो गावातनं वसूल करनार, दुसरं काय करंल. तितली म्हातारी रानी लई खटपटी, कारभार समदा तिच्या हातात. दर्यावर लढाया गलबतं बांधायचं पैसं तिनं आपल्या बागंत घातलं, आन तळ्यात दगडाची नाव बांधली, हालत न्हाय आन डुलत न्हाय. मालक हासून हासून जुड्यांवर लोळलं, म्हनलं, दगडाची नाव, आगं ऐक, दगडाची नाव! वांगराव हासला न्हाय. त्यो म्हनला, त्याच सुमाराला आमच्याकडं मोठ्या नदीचा बांध फुटला, बांधाचं पैसं सायबांनी खाल्लेलं, आन माझी भन त्या पान्यात गेली. मालकानं हासू आवरलं, पन झालं त्ये झालं, दिसभर त्ये त्येच्या नजरंला नजर देत न्हवतं.

त्येचा बाप गरीब, पन पोराला शिकवायचं त्येच्या मनात. त्येंच्याकडं थोरली परीक्षा आसायची, जुनी बुकं पाठ केली आन परीक्षंत पास झालं की कुनब्याचं पोर बी सायेब व्हायचं. गरिबाला तेवढी यकच फट. बापानं चिमनीच्या उजेडात पोराकडनं बुकं घोकून घेतली, सोता उपाशी ऱ्हायला, आन मंग राजानं परीक्षाच बंद केली. म्हनलं नवं काय तरी शिका, आन नवं शिकायला पैसंवाल्याचीच पोरं. पुढं म्हातारी मेली, तीन वर्साचं पोर तख्तावर बसिवलं, आन लोकांनी वर्गनी काढून आगिनगाडीचा रस्ता धरला व्हता त्यो बी राजाच्या कारभाऱ्यांनी हिसकून गोऱ्यांकडं गहान टाकला. वांगराव म्हनायचा, यक कारन आसतं तर लोकांनी सोसलं आसतं. सोसायची सवय हाय लोकांना. पन ज्येला हात लावावा त्यो खांब किडलेला.

तवा त्यो आठराएक वर्साचा, नदीकाठच्या मोठ्या शहरात कागदाच्या दुकानात व्हता. यक दिस पलटनीतलं बंदूकवालंच आपल्या सायबांवर उलटलं, आन बघता बघता रस्त्यात जो तो दुसऱ्याची येनी कापाया लागला. वांगरावानं कुनाला कापू दिली न्हाय, सोताच्या हातानं कापली. म्हनला, तात्या, मान आसली हलकी झाली, वाटलं आता समदं हुईल. त्येवढं सांगताना त्येचं तोंड उजळायचं, मी सोता बघितलंय. मंग त्यो घरी गेला. बाप दारात हुभा. बाप म्हनला, ह्ये केस मी आन तुझ्या आयनं दिलेलं, तू मला इचारलं न्हाईस. येनी वाढव आन मंग ये. आन दार लावून घेतलं.

मालक चिडलं, म्हनलं, आरं पन येनी तर परक्या राजानं लादलेली ना? बापाला कळाया नगं? वांगराव म्हनला, बापाच्या बापाला येनी, त्येच्या बापाला येनी. कुनी लादली त्ये कोन सांगनार त्येला. त्येला ती आपलीच वाटायची.

राजा गेला तरी बरं झालं न्हायच. मालक लई आशेनं इचारायचं, मंग म्होरं सुखाचं आलं आसंल? त्यो म्हनायचा, कुठलं. यकाचं दहा झालं. ज्येच्याकडं फौज त्यो राजा, आन पुढच्या कैक वर्सांचा सारा आत्ताच वसूल. आन येनी ठिवायला बी बंदी, कुनी वाढवली तर नवं शिपाई धरून कापायचं. बघा म्हंजी कसं, वाढवावी तर शिपाई कापत्यात, न वाढवावी तर बाप दार उघडत न्हाय. म्हनून त्यो देशोधडीला लागला, ब्रम्हदेश, कलकत्ता, करत करत हितपस्तोर आला. दर साली म्हनायचा, औंदा जातो, बाप म्हातारा झाला, आता नरमला आसंल. आन दर साली पाऊस यायचा आन त्यो आमच्याच दारात.

आता जे सांगायचं त्ये हितनं म्होरं. परवाच्या सालाला श्रावनात पुन्यास्नं त्येच्या जातीचा दुसरा फुलंवाला आला, दौंडापास्नं छोट्या गाडीनं बारामती, आन तितनं चालत चिखलातनं. दोगं पडवीत बसलं, काय बोललं आमाला कळलं न्हाय, पन वांगरावानं हातातलं फूल खाली ठिवलं तवाच मी वळखलं. बाप गेला व्हता. जाऊन बरंच म्हयनं झालेलं, जपान्यांची लढाई चाललेली, वाटा बंद, बातमी हिंडत हिंडत आली. पुन्याचा मानूस सकाळी निगून गेला आन वांगरावाचं बोलनं बंद झालं.

तुमाला आदीच सांगते, म्हंजी तुमाला कळंल. त्येंच्यात बाप मेला की ल्योक तीन म्हयन्यांच्या वर डोक्याला वस्तरा लावून घेत न्हाय. केस, दाढी, जसं वाढंल तसं वाढू द्यायचं, विंचरायचं बी न्हाय. आपल्यात दहाव्याला डोकं करायचं, त्येंच्यात बरुबर उलटं. ज्या बापानं केसापायी दार लावलं त्येच्यासाठी आता केस राखायचं, येवढं यकच काम त्येच्या हातात ऱ्हायलं व्हतं. बापाचं तोंड बघितलं न्हाय, खांदा दिला न्हाय, माती दिली न्हाय. केस तेवढं राखायचं. आन ह्ये आमाला ठावं न्हवतं. आमाला समदं मागनं कळलं.

आमी काय बघितलं, तर बाप मेलाय आन ह्यो दाढी वाढवून बसलाय. गावात लोक बोलाया लागलं, तात्या, तुमच्या मळ्यात सुतकी मानूस, सुतक फिटवा त्येचं. मालकाला लोकांच्या बोलन्याचं न्हाय वाटलं, त्येंला त्या मेलेल्या बापाचं वाटलं. मला म्हनलं, आगं, ल्योक आसून त्या म्हाताऱ्याचं कुनी केलं न्हाय. हितं त्येला भाऊबंद कोन हाय, आपनच. आन डोळं पुसलं. मी काय म्हननार, मला बी तसंच वाटलं. केरबा न्हावी तयार झाला, म्हनला मला बलुतं नगं, ह्यो पुन्न्याचा वस्तरा.

वांगराव आमच्यासंगं नीरा नदीवर आला त्यो आपल्या पायानं आला. त्येला बापाच्या नावानं पान्याकाठी कागद जाळायचा व्हता, तशी त्येंची रीत, त्येनं खुनंनं मालकाला दोनतीनदा सांगितलेलं. मालकाला वाटलं त्यो कबूल हाय. त्यो पांढऱ्या फुलांची पेटी घिऊन आला आन आमी पिंडाचा भात घिऊन. भावकीतली चार मानसं, केरबा, आन मी लांब धोंड्यावर. त्येनं कागद जाळला, हात जोडलं, आन मालकानं त्येला खांद्याला धरून लाकडी पाटावर बशिवलं. पाठीमागनं केरबानं पान्याचा हात त्येच्या डोक्यावरनं फिरिवला.

त्येनं केरबाचं मनगाट धरलं. काय तरी बोलला, त्येच्या बोलीत, भराभरा. मालक म्हनलं, धरा रं त्येला, बाप मेलाय, आवरंना त्येला. दोगांनी खांदं धरलं. मायेनं धरलं हो, मास्तर, त्येच्यात जोर न्हवता, आपल्यात बी ल्योक रडतो, आंग टाकतो, तवा धरावंच लागतं. केरबा सोता रडत व्हता आन वस्तरा फिरवत व्हता. जरा येळानं वांगरावानं हात सोडला. डोळं मिटून बसला, पार शेवटपस्तोर.

मंग मालकानं त्येच्या हातनं पिंड ठेवला आन कावळा लगीच शिवला. समदी म्हनली, म्हाताऱ्याला पोचलं, समाधान झालं. मालक तर इतकं निवांत झालेलं म्या कवा बघितलं न्हवतं. वांगराव खाली बसून चिखलातलं केस गोळा करत व्हता, यकयक करून, पंच्यात. मालक म्हनलं, राहू दे रं, नदीत जातील. तवा त्यो बोलला. हळूच बोलला, पन आमच्या बोलीत बोलला.

तात्या, तवा मी बापाला इचारलं न्हाय. आता तुमी मला इचारलं न्हाय.

आमाला काय कळलंच न्हाय. मालकाला वाटलं, दुःखाच्या भरात बोलतोय. घरी आलो, मी पुरनाचं केलं व्हतं, त्येनं ताटाला हात जोडलं आन उठला. मंग थोडं दिस पडवीत बसून ऱ्हायला, यक बी फूल केलं न्हाय. आन यका सकाळी भर पावसात पेटी उचलून निगाला, इंदापूरच्या वाटंनं. मी आडवी गेले, म्हनले आवं कागद भिजंल, उघडीप हू द्या. त्यो माझ्या पाया पडला. मी त्येच्या परास काय लई थोरली न्हवं. पटका गुंडाळला व्हता डोक्याला, कपाळ झाकून, कुनाला डोकं दिसू नये म्हनून.

दिवाळीच्या सुमाराला पुन्याचा मानूस पुन्यांदा आला, वांगराव कुठं हाय म्हनून. मालकानं कौतुकानं समदं सांगितलं, आमी बापाचं कसं केलं, कावळा कसा शिवला. त्यो मानूस ऐकत ऐकत पांढरा पडला. मंग त्येनं केसाची रीत सांगितली तवा आमाला कळलं. मालक बसल्या जागी बसलं. जुडी हातात व्हती ती हातातच ऱ्हायली.

मंग लई हुडकला. इंदापुरात इचारलं, निमगावच्या बाजारात इचारलं, दौंडाच्या ठेसनावर मालक दोन दिस बसून आलं. कुनी म्हनतं मुंबईला गेला, कुनी म्हनतं कलकत्त्याला. देशी जायाची वाट तर बंदच, त्येंचं त्ये नदीकाठचं शहर जपान्यांनी घेतलं म्हनं. गेला आसंल तरी कुनाच्या दारात जाईल? आन कोन्या तोंडानं, आसं त्येलाच वाटत आसंल. मालकाची चेष्टा त्या दिसापास्नं बंद. केरबा दाढीला यायचा तर मालक म्हनायचं, आदी इचार, मंग लाव हात. केरबाला वाईट वाटायचं, त्येचा बी काय दोष, समद्यांचं मन चांगलंच व्हतं. मन चांगलं आसून जे नासतं त्येला दुरुस्ती न्हाय बघा. वाईट मनानं केलं आसतं तर माफी तरी मागता आली आसती.

औंदा चैतात मालक गेलं. आजारात मला आन दोगा पुतन्यांना जवळ बोलवून सांगितलं, मी गेल्यावर माझ्या नावानं कुनी डोकं करू नगा. तीन म्हयनं केस राखा. तेवढं माझं ऐका. पुतन्यांनी व्हय म्हनलं. आन गेल्यावर भावकी बसली, थोरली मानसं म्हनली, तात्याला शेवटाला भरम झाला व्हता, डोकं न करता सुतक फिटतं व्हय? थोरला पुतन्या माझ्याकडं आला, म्हनला, काकू, लोक काय म्हनतील, माझ्या पोरीचं लगीन जमवायचं हाय. मी म्हनले, त्येंनी सांगितलेलं तू ऐकलंयस. पन मंग मीच इषय सोडला. भांडून काय, रानात नांगर त्येलाच धरायचा हाय, मी यकटी बाई. नीरंवर केरबानं दोगांची डोकी केली. मी गेले न्हाय. घरात बसून ऱ्हायले, पाटाचं पानी वाजत व्हतं ते ऐकत.

राजा घालीवला म्हंजी मोठं काय तरी केलं आसं तुमी पोरांना सांगत आसाल, सांगा बापडं. मला आता काय उमेद न्हाय. पाटी घेते, बाजारला जाते, यकटीपुरती भाकर थापते.

तुमी पुन्याला जाताय येताय. तितं फुलंवालं बसत्यात म्हनं रस्त्यात. वांगराव दिसला, आन त्यो जित्ता आसला, तर सांगा, तात्या गेला. त्यो इचारंल, तात्याच्या मनासारखं समदं झालं का. तर व्हय म्हना. लबाड बोलल्याचं पाप माझ्या माथी. आन म्हनावं, कुठं आसशील तितं सुखानं ऱ्हा बाबा, हिकडं येऊ नगंस.